कुत्रीसाठी जादा भाडे द्यायचे का?

प्रश्न : माझी बदली शहापूरला झाली आहे. आसनगाव स्टेशनजवळ फ्लॅट पसंत पडला; पण सोबत कुत्री आहे म्हटल्यावर मालकांनी १०,००० रुपये जादा डिपॉझिट आणि दरमहा ५०० रुपये मागितले. पाळीव प्राण्यांना मनाई करता येत नाही ना? मग हे पैसे बेकायदा नाहीत का?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : तुम्ही ऐकले ते सोसायट्यांबाबत आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही. घरमालकाचे तसे नाही. स्वतःचा फ्लॅट कोणत्या अटींवर द्यायचा, हे तो ठरवू शकतो. म्हणून ही मागणी बेकायदा नाही. पण घासाघीस जरूर करा.

मालकांची खरी काळजी दाराचे ओरखडे, वास आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ही असते. रेबीज लसीकरणाचे कार्ड दाखवा, जुन्या घरमालकांशी फोनवर बोलणे करून द्या. दरमहाचे ५०० रुपये परत मिळत नाहीत. त्याऐवजी परतीचे डिपॉझिट थोडे वाढवून द्यायची तयारी दाखवा. घर सोडताना रंगकाम करून देण्याचाही पर्याय आहे.

मात्र तोंडी बोलीवर राहू नका. कुत्रीला परवानगी, डिपॉझिटची रक्कम आणि कशासाठी किती कापणार, हे करारात लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पैसे बँकेतूनच द्या. सामान हलवण्याआधी दारे, भिंती, खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो काढून मालकांना पाठवा. एवढे केलेत तर निर्धास्त राहा.