गाठीचा ब्लॉक कुठं आहे?

मेव्हण्याच्या डोक्यातली गाठ कोल्हापुरातच काढली. अहवालात ‘ग्लिओब्लास्टोमा’, म्हणजे मेंदूचा कर्करोग, आला. फाईल घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परळला, टाटा रुग्णालयात गेलो. तिथं विचारलं, ‘ब्लॉक आणलाय?’ काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. असं काही असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. धाकट्या भावाला त्यासाठी परत कोल्हापूर गाठावं लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार गाठीचं नाव नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरत नाही. आयडीएचसारख्या जनुकांतले बदलही तपासतात. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं की नाही, हेही बऱ्याचदा त्यावरच ठरतं. म्हणून डिस्चार्ज घेतानाच पॅथॉलॉजीत लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. अन् उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेणच ते.

आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीचं दुखणं वेगळं. आधी असंबद्ध बडबड, मग झटके. नातेवाईक ‘बाहेरचं आहे’ म्हणत होते; निघाला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. शरीराच्याच अँटीबॉडी मेंदूवर उलटतात, असा हा आजार जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ओळखला. यात अंडाशयात गाठ आहे का, हेही बघावं लागतं. यावर देतात ती आयव्हीआयजी म्हणजे रक्तदात्यांच्या अँटीबॉडी. त्या टोचल्यावर रक्ततपासणी फसवू शकते. तेव्हा रक्त आणि पाठीतलं पाणी आधी घेतलं का, एवढं डॉक्टरांना विचारा. रिपोर्टसाठी उपचार मात्र अडवू नका.

आता पैशांचं. कुणाकडून तरी नंबर मिळवून एकानं मेव्हण्याच्या घरी फोन केला: ‘स्टेम सेलचं संशोधन आहे, काही लाख भरा.’ बहीण दागिने काढायला निघाली होती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. शिवाय २००९पासून औषधाच्या प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे. ती यादी कुणालाही फुकट बघता येते. मी नोंदणी क्रमांक मागितला, फोन बंद झाला.

खऱ्या ट्रायलला मात्र घाबरू नका. मेव्हण्याची टेमोझोलोमाइडची गोळी ५७३ रुग्णांच्या ट्रायलमधूनच आली. २००५ साली निकाल लागला: मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ झालं. फायदा एवढाच, आणि तो असा उघड सांगितलेला. संमतीपत्र मराठीतून मागा, घरी नेऊन वाचा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळं थांबत नाहीत. ट्रायलमुळं इजा झाली तर २०१९च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत मिळतात. ते कलम संमतीपत्रात शोधा, नसेल तर सही करू नका.