बाकाच्या या बाजूला

मी एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ओरिएन्टेशन, रिफ्रेशर, एफडीपी, संशोधनपद्धतीच्या कार्यशाळा असं करत बरीच वर्षं गेली. आता अधूनमधून साधनव्यक्ती म्हणूनही बोलावणं येतं. प्रमाणपत्रं पदोन्नतीच्या फायलीत लावलेली आहेत. फायलीत न मावलेलं थोडं इथे लिहितो आहे.

१. शिकवण्याची सवय मुरली की ऐकण्याची सवय सुटत जाते. बाकावर बसल्यावर पहिले काही दिवस हे फार जाणवलं. समोरचे वक्ते बोलत असतात आणि आपण मनातल्या मनात त्यांचं व्याख्यान दुरुस्त करत असतो. असे वर्ग भरवायला १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. त्यांची पुढे मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि आता मालवीय मिशनच्या नावाने ती ओळखली जातात. पूर्वी ओरिएन्टेशन चार आठवड्यांचं असायचं, रिफ्रेशर तीन आठवड्यांचं. घरदार सोडून इतके दिवस राहणं तेव्हा जड जायचं, पण मेसच्या टेबलावर जे मिळालं ते त्या लांबीमुळेच मिळालं. माझ्या संशोधनातली पहिली नेमकी शंका प्राणीशास्त्राच्या एका बाईंनी जेवताना काढली: ‘तुम्ही म्हणता तसं नसतं, तर काय दिसलं असतं?’ अजूनही कुठलाही निष्कर्ष लिहिण्याआधी मी स्वतःला हेच विचारतो.

२. प्रश्नावली गावात गेल्याशिवाय खरी होत नाही. एका कार्यशाळेत मार्गदर्शकांनी आम्हाला वर्गात हवे तेवढे तक्ते आखू दिले आणि मग एका सकाळी जवळच्या गावात नेलं. आमच्या गटाच्या कागदावर प्रश्न होता, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती? ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींनी तो ऐकला, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि विचारलं, ‘कंचं वरीस धरू? गेल्या साली कांदा चाळीतच सडला, त्याच्या आदल्या साली बरा गेला.’ आमच्याकडे उत्तरासाठी एकच चौकट होती. शेजारी बसलेल्या मार्गदर्शकांनी पेन्सिल काढली आणि तो प्रश्न तिथल्या तिथे फोडला. कांदा किती गुंठ्यांवर होता, किती क्विंटल निघाला, किती विकला, कुठल्या बाजारात, हमाली-तोलाई किती कापली? आजींनी आतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या आडत्याच्या पट्ट्या आणल्या. हिशेब त्यांच्याकडे चोख होता, फक्त आमच्या चौकटीत बसणारा नव्हता.

पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीची शेतकरी कुटुंबांची अनुसूची हातात आली, तेव्हा तिची रचना मला एकदम उलगडली. २०१९मधल्या ७७व्या फेरीत एकाच कुटुंबाकडे दोनदा जाण्याची सोय होती. एकदा जुलै ते डिसेंबरची माहिती घ्यायची, एकदा जानेवारी ते जूनची. पुस्तकात ‘संदर्भ कालावधी’ असं छापलेलं मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. त्याचं वजन त्या ओट्यावर कळलं.

३. विषय शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना घेऊन शहराजवळचं पिंपळे सौदागर हे गाव तपासलं: जमिनीचे तुकडे, कर्ज, पीकपाणी. तो अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. मग सहकारी कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुक घेतलं, त्याचं पुस्तक १९२१चं. आज पिंपळे सौदागरात उंच इमारती आहेत आणि तिथे शेती कशी होती हे जाणून घ्यायला जगभरचे अभ्यासक मॅनसाहेबांचं पुस्तक उघडतात. एका शिक्षकाने आपल्या महाविद्यालयाच्या शेजारी केलेलं हे काम आहे. आमच्यापैकी प्रत्येकाच्या महाविद्यालयाला असा शेजार आहे आणि त्या गावांतली मुलं रोज आपल्या वर्गात येऊन बसतात. प्रशिक्षणात मी आता सुरुवात इथूनच करतो.

४. वेळ नाही ही तक्रार खरी आहे, तिला आळस म्हणू नये. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. त्याशिवाय प्रवेश समिती, नॅकची कागदपत्रं, पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका, एनएसएसचं शिबिर. पण याहून मोठी गोष्ट सांगायची तर तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांची. त्यांच्यात नेट, सेट, पीएचडी झालेली मंडळी आहेत आणि वाचनाची भूक तर आमच्यापेक्षा जास्त. पण कार्यशाळेला गेलं की तास बुडतो, तास बुडाला की मानधन बुडतं. ज्यांच्यापुढे संशोधनाचं सगळं आयुष्य पडलं आहे, त्यांनाच प्रशिक्षण परवडत नाही. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं, आणि प्रत्येक समारोपाच्या भाषणात मी ते बोलतो.

५. कुठलं नियतकालिक चांगलं, हे शेवटी आपल्यालाच ओळखावं लागतं. यूजीसीच्या २०१०च्या नियमांनी पदोन्नतीसाठी छापील लेखांवर एपीआयचे गुण आणले आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांचं पेव फुटलं. मग मान्य नियतकालिकांची केअर यादी आली. २०२५च्या सुरुवातीला यूजीसीने तीही बंद केली आणि निवड पुन्हा शिक्षकांवर आणि संस्थांवर सोपवली. अनेकांना निराधार झाल्यासारखं वाटलं. मला मात्र हे प्रशिक्षणाचं खरं काम वाटतं. नियतकालिकाचे जुने अंक घेऊन बसायचं, संपादक मंडळातल्या माणसांनी त्या विषयात काय लिहिलंय ते पाहायचं, दोन लेख ओळ न् ओळ वाचायचे. एका दुपारी हे जमतं आणि मग यादी लागत नाही.

६. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा विचार मोजत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाबाहेर ठेवलं, ते बरंच झालं. पण नऊ टक्के आले म्हणून लेख चांगला होत नाही, एवढंच.

७. मसुदा दुसऱ्याला वाचायला देणं हे सगळ्यांत अवघड प्रशिक्षण आहे. त्याचा अभ्यासक्रम नाही. आमच्याकडे शनिवारी शेवटचा तास संपला की स्टाफरूममध्ये आम्ही काही जण बसतो. इतिहासवाले असतात, भौतिकशास्त्रवाले असतात. लेखाची पानं आधी वाटलेली असतात. बोलायचं मराठीत, लेख कुठल्याही भाषेतला असो. मराठीत सांगताना जिथे अडखळतो, तिथे बहुतेक वेळा विचारच कच्चा असतो. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनांत तरुण शिक्षक मोकळेपणाने निबंध वाचतात, ज्येष्ठ त्यावर खणखणीत बोलतात. भिडेमुळे वर्षानुवर्षं गप्प राहिलेली माणसं तिथे उभी राहून आकडेवारीवर हरकत घेताना मी पाहिली आहेत.

८. हे सगळं आता आपल्यापुरतं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. म्हणजे विशीतली मुलं प्रकल्प घेऊन दारात येणार आणि ज्यांनी स्वतः कधी क्षेत्रकार्य केलं नाही, त्यांनाही मार्गदर्शक व्हावं लागणार. म्हणून कार्यशाळेचं निमंत्रण आलं की मी आयोजकांना विचारतो, सहा महिन्यांनी हीच माणसं आपापले मसुदे घेऊन पुन्हा भेटणार आहेत का? बहुतेक ठिकाणी ‘बघू’ म्हणतात. मागे एका प्राचार्यांनी उद्घाटनालाच पुढच्या बैठकीची तारीख जाहीर केली. त्या तारखेला निम्म्याहून जास्त जण आले, पानं घेऊन आले. त्यांत तासिका तत्त्वावरचे दोघे होते. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या तासांचं मानधन महाविद्यालयाने दिलं होतं.