एका दिवसांत तीन शर्यती

दादरहून पुण्यास जाणाऱ्या आगगाडीचा मार्ग सुमारें १८३ किलोमीटर लांबीचा आहे. गाडींत बसून हें अंतर तोडतांनाही आपण दोनदां तरी घड्याळाकडे पाहतों. आतां वाचकांनीं अशी कल्पना करावी कीं, एक मनुष्य पहांटे गिरगांव चौपाटीशीं पाण्यांत उतरतो आणि पोहत पोहत नरीमन पॉइंटच्या बाजूस बाहेर येतो. अंग पुसून सायकलीवर बसतो व दादर-पुण्याइतकें अंतर तोडतो. सायकल खालीं ठेवतो आणि त्याच पायांनीं, चर्चगेटपासून भाईंदर जितकें दूर आहे तितकें, धांवून जातो. मध्यें झोंप नाहीं, पंगत नाहीं, विसावा नाहीं. आणि हें सारें मध्यरात्रीपूर्वीं संपलें पाहिजे.

अशी शर्यत खरोखरच आहे. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आपल्या भाषेंत तिला रूढ झालेलें नांव नाहीं, परंतु शब्द आपणांस सर्वस्वीं परका नाहीं. ग्रीक भाषेंतील ‘ट्राय’ हा संस्कृतांतील ‘त्रि’ याचा सख्खा भाऊ होय, आणि ‘अथ्लॉन’ म्हणजे झुंज अथवा झुंजीचें बक्षीस. शब्द ग्रीक असला तरी खेळ मात्र प्राचीन ग्रीकांचा नव्हे. तो १९७४ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो शहरीं प्रथम खेळला गेला, व २००० सालीं सिडने येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यास प्रवेश मिळाला. ऑलिंपिकांतील पल्ला आटोपशीर असतो: पोहणें दीड किलोमीटर, सायकल ४० आणि धांव १०. प्रस्तुत लेखांत ज्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा विचार करावयाचा आहे, तिची अंतरें अनुक्रमें ३.८, १८० व ४२.२ किलोमीटर अशीं आहेत. एकूण २२६ किलोमीटर.

हीं असलीं विचित्र अंतरें कोणी ठरविलीं, असें चौकस विद्यार्थी विचारील. तीं कोणीच ठरविलीं नाहींत. तीं एका वादांतून निघालीं. हवाई बेटांपैकीं ओआहू या बेटावर समुद्रांत पोहण्याची एक शर्यत होत असे, बेटाला प्रदक्षिणा घालणारी एक सायकलफेरी होती, व होनोलुलू शहराची मॅरेथॉन होती. पोहणारा अधिक कणखर कीं धांवणारा, असा वाद एका बक्षीससमारंभांत निघाला. तेथें असलेले नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स यांनीं सायकलस्वाराचाही पक्ष पुढें मांडला, आणि मग तिन्ही शर्यती एकाच दिवशीं एकामागून एक करून निकाल लावावा असें सुचविलें. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा जण पाण्यांत उतरले. बारा जणांनीं शेवट गांठला. पहिला आलेला गॉर्डन हॅलर यास ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. दुसरा आलेला जॉन डनबार हा बराच वेळ पुढें होता. परंतु त्याच्या साथीदारांजवळचें पाणी वाटेंत संपलें व त्यांनीं त्यास बिअर पाजली. (पालकांनीं दचकूं नये, ही गोष्ट अनुकरणासाठीं सांगितलेली नाहीं.)

मूळ वादाचा निकाल मात्र लागला नाहीं, आणि माझ्या मतें तो लागणारही नव्हता. कारण ही शर्यत ‘तुम्हांस काय उत्तम येतें?’ असें विचारीतच नाहीं. ती दुसरेंच कांहीं विचारते. तें समजण्यासाठीं आपल्याच शहरांतील एका हौशी खेळाडूचें उदाहरण घेऊं.

श्री. मिलिंद सोमण यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ रोजीं स्कॉटलंडमधील ग्लासगो येथें झाला. बालपणाचीं पहिलीं वर्षें इंग्लंडांत गेल्यावर त्यांचें कुटुंब मुंबईस, दादर येथें, येऊन राहिलें. दादरच्याच डॉ. आंतोनियो दा सिल्व्हा हायस्कुलांत ते शिकले, आणि शिवाजी पार्कच्या तरणतलावांत पोहण्यांत तरबेज झाले. ब्रेस्टस्ट्रोक ह्या प्रकारांत ते राष्ट्रीय विजेते ठरले, व १९८४ सालीं काठमांडू येथें भरलेल्या पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडासामन्यांत त्यांनीं भारताकरितां रौप्यपदक मिळविलें. पुढें पोहणें मागें पडलें. जाहिराती, दूरदर्शनवरील मालिका व चित्रपट यांतील त्यांचा चेहरा पालकवर्गास चांगला ठाऊक असेल. धांवणें हा त्यांचा विषय कधींच नव्हता. २००४ सालीं मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हां वयाच्या अडतिसाव्या वर्षीं त्यांनीं अर्ध्या मॅरेथॉनपासून आरंभ केला. आणि १९ जुलै २०१५ रोजीं, पन्नाशी पुरी होण्यास अवघे साडेतीन महिने उरले असतां, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथें ते या २२६ किलोमीटरांच्या शर्यतींत उतरले.

आतां थोडें अंकगणित. पाटी-पेन्सिल घेऊन बसण्यास हरकत नाहीं. २२६ किलोमीटरांपैकीं पोहणें किती? ३.८. म्हणजे शंभरांत दोनही नाहीं! ज्या विद्येंत हा मनुष्य एके काळीं देशांत पहिला होता, तिला या परीक्षेंत पन्नासांपैकीं एकसुद्धां गुण ठेवलेला नाहीं. वेळाच्या हिशेबानें पाहिलें तरी स्थिति फारशी पालटत नाहीं. उत्तम पोहणारा साधारण पोहणाऱ्यापेक्षां अर्धा-पाऊण तास आधीं पाण्याबाहेर येईल. परंतु पुढें १८० किलोमीटर सायकल चालवितांना जो ताशीं २५ ऐवजीं २२ च्या गतीनें जातो, तो जवळ जवळ एक तास गमावून बसतो. पाण्यांत मिळविलेलें सारें तेथें गेलें, वर थोडें कर्जही झालें. आणि मॅरेथॉन तर अजून पुढेंच आहे.

शिवाय प्रत्येक टप्प्यास वेळेची मर्यादा असते. पोहणें सामान्यतः २ तास २० मिनिटांत झालें पाहिजे. ५० मीटरच्या तलावांत हें अंतर ७६ फेऱ्यांचें होतें, म्हणजे एका फेरीस सरासरी एक मिनिट पन्नास सेकंद. आरंभापासून साडेदहा तासांच्या आंत सायकल संपली पाहिजे. आणि सर्व शर्यतीस स्थळपरत्वें १६ अथवा १७ तास मिळतात. मर्यादा उलटली कीं पंच हात आडवा करतात. मग तुम्ही १०० किलोमीटर आलांत कीं २००, हें कोणी विचारीत नाहीं. मैदानावरील बहुतेक शर्यतींत प्रतिस्पर्धी शेजारीं असतो, त्यास पाहून माणूस जोर करतो. येथें हौशी मनुष्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. आणि तें दमत नाहीं.

मग सुरुवातीसच वेगानें जाऊन वेळ शिल्लक कां टाकूं नये? येथें शरीरशास्त्राचा प्रश्न येतो. आपलें शरीर स्नायूंत व यकृतांत एक प्रकारची साखर सांठवून ठेवतें; तिला ग्लायकोजन म्हणतात. हा सांठा सारा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे दीड-दोन हजार उष्मांकांचा. शर्यतीचा खर्च मात्र आठ-दहा हजार उष्मांकांच्या घरांत जातो. अंगांतील चरबी पुष्कळ दिवस पुरेल इतकी असते, परंतु ती सावकाश जळते. मनुष्य वेगानें जाऊं लागला कीं शरीर साखरेकडेच हात पसरतें. बरें, वाटेंत खावें म्हटलें तर आंतडीं तासास साठ ते नव्वद ग्रॅमांहून अधिक साखर पचवूं शकत नाहींत, आणि तेवढ्यासाठींही त्यांस आधीं कित्येक महिने संवय लावावी लागते. तेव्हां जो सकाळीं उधळपट्टी करील त्यास संध्याकाळीं उधार मिळावयाचें नाहीं. १९८२ सालच्या फेब्रुवारींत हवाईच्या शर्यतींत जुली मॉस ही तरुणी स्त्रियांत पहिली येत होती. शेवटच्या रेषेच्या अगदीं जवळ तिचे पाय गळाले, ती पडली, उठली, पुनः पडली, व अखेर रांगत रेषेपर्यंत गेली. तेवढ्यांत मागून कॅथलीन मॅकार्टनी येऊन पुढें निघून गेली होती. दोघींमधील अंतर २९ सेकंदांचें होतें.

पाण्याचेंही तसेंच. उन्हांत घाम गळतो, त्याबरोबर मीठ जातें. तहान लागली म्हणून नुसतें पाणीच घटाघटा पीत राहिल्यास रक्तांतील मिठाचें प्रमाण घसरतें. भोंवळ येते, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणावरही बेततें. कमी पाणी पिणें धोक्याचें हें सर्वांस ठाऊक आहे. अधिक पिणेंही धोक्याचें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

म्हणून या शर्यतीची तयारी ही मुख्यतः स्वतःस आवरण्याची तयारी असते. तींत एक गंमतीचा भाग आहे. तीन-चार तास सायकल चालवून लगेच धांवावयास लागा: पाय जणूं दुसऱ्याचेच आहेत असें वाटतें. मांड्या जड, पावलें आंखूड, आणि मनांत एकच विचार, कीं हें कांहीं आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं. कांहीं वेळानें तें जातें. पण तें जातें हें शरीरास आधीं ठाऊक असावें लागतें, म्हणून खेळाडू आठवड्यांतून एकदां तरी सायकलीवरून उतरतांच धांवण्याचा अभ्यास करतात. पोहण्याचेंही तेंच. मफतलाल बाथमध्यें किंवा शिवाजी पार्कच्या तलावांत तळाशीं रेघ दिसते, दर फेरीस भिंत लागते. उघड्या पाण्यांत रेघ नाहीं, भिंत नाहीं, शेजाऱ्याची लाथ मात्र आहे. दिशा कळावी म्हणून मधून मधून डोकें वर काढून पाहावें लागतें, आणि डोकें वर काढलें कीं पाय खालीं जातात. गेटवेपर्यंत समुद्रांतून पोहत येण्याच्या शर्यती मुंबईंत वर्षानुवर्षें होत आल्या आहेत. त्यांत भाग घेतलेल्यांस हें निराळें सांगावयास नको.

आणि हें सारें करावयाचें केव्हां? हौशी मनुष्यास कचेरी असते, संसार असतो. पहांटे चार-साडेचारला उठून मरीन ड्राइव्हवर निघणाऱ्या सायकलस्वारांची रांग मीं पाहिली आहे. दूधवाल्याच्या आधीं ते रस्त्यावर असतात, व आठाच्या ठोक्यास घरीं परत येऊन डबा घेऊन कामावर जातात. सुटीचे दिवस त्यांच्या घरच्या मंडळींस लाभत नाहींत. ही किंमत पैशांत मोजतां येत नाहीं म्हणून ती हिशेबांत धरूं नये असें नाहीं. पैशांत मोजतां येणारी किंमतही मोठीच आहे. चांगली सायकल, प्रवेशाची फी, परदेशचा प्रवास: हा खेळ गरिबाचा नव्हे हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. लालबाग-परळच्या गिरणगांवांत ज्या खेळांनीं मूळ धरलें त्या कुस्ती व कबड्डी. त्यांस लंगोट आणि मोकळी जागा एवढें पुरे होई. विद्यार्थ्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें: लांब पल्ल्याच्या या शर्यतीस अठरा वर्षांखालील कोणासही घेत नाहींत, आणि तें योग्यच आहे. लहानांसाठीं आंखूड अंतरांच्या शर्यती आहेत.

आतां झुरिककडे वळूं. तेथें पोहणें शहराच्या सरोवरांत, गोड्या पाण्यांत असतें. खारें पाणी अंगास थोडें उचलून धरतें, तसें गोडें पाणी धरीत नाहीं. पण आमच्या तलावांत वाढलेल्या मनुष्यास तें घरचेंच. पुढें डोंगराळ देशांतील चढउतारांवर सायकल, आणि शेवटीं मॅरेथॉन. जगांतील उत्तम धंदेवाईक खेळाडू हें सर्व आठ-साडेआठ तासांत उरकतात. सोमण यांस १५ तास १९ मिनिटें लागलीं. म्हणजे विजेता स्नान, भोजन उरकून निजावयास गेला असेल त्या वेळीं हे अजून रस्त्यावर होते. सरोवरावर अंधार पडला होता. मर्यादा १६ तासांची धरली तर हातांत राहिलीं अवघीं ४१ मिनिटें. बावीसशें साठ शेकडे मीटर चालून एवढीच शिल्लक! परंतु ती शिल्लक होती. सरासरी काढली तर ताशीं पावणेपंधरा किलोमीटर पडतात. विद्यार्थ्यांनीं पडताळून पाहावें.

दोन वर्षांनीं, फेब्रुवारी २०१७ मध्यें, ते याहून लांबच्या एका शर्यतींत अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतीं उतरले. ती तीन दिवसांची असते: पहिल्या दिवशीं १० किलोमीटर पोहणें व त्यानंतर सायकल, दुसऱ्या दिवशीं नुसती सायकल, तिसऱ्या दिवशीं ८४ किलोमीटर धांव. सर्व मिळून पांचशें किलोमीटरांहून अधिक, आणि दर दिवसास १२ तासांची मर्यादा. त्यांजबरोबर आणखी चार भारतीय होते; त्यांत पुण्याचे प्रसिद्ध शिक्षक कौस्तुभ राडकर हेही होते, आणि तेही मूळचे पोहणारेच. पांचही जणांनीं शर्यत पुरी केली.

सोमण तिसऱ्या दिवसाचे ते ८४ किलोमीटर अनवाणी धांवले. वर्तमानपत्रांस याचें मोठें नवल वाटलें. परंतु महाराष्ट्रांतील जुन्या मंडळींस तितकें वाटूं नये. पहिलें महायुद्ध संपलें त्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती भरल्या, तेव्हां खेड्यांपाड्यांतून आलेले धांवणारे अनवाणीच धांवले होते, आणि त्यांची गति पाहूनच सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकास पाठविण्याचा विचार बळावला. त्याप्रमाणें १९२० सालीं अँटवर्पला जे गेले त्यांत बेळगांवकडील फडेप्पा चौगुले होते; मॅरेथॉनमध्यें ते एकोणिसावे आले.

फ्लॉरिडाच्या त्या शर्यतींत पोहणें झुरिकच्या अडीचपटींहून अधिक होतें. तरी हिशेब करून पाहिला तर तेथेंही त्याचा वाटा पन्नासांत एकाहून कमीच भरतो.