मल्टिमीटर शून्य दाखवतो तेव्हा

काट्याचा मल्टिमीटर व्होल्ट बरोबर दाखवतो, पण दोन्ही टोके एकमेकांना टेकवून, गुंडी फिरवूनही ओहमचा काटा शून्यावर येत नाही? मग बहुधा आतला सेल उतरला आहे. रोध मोजताना प्रवाह या सेलमधूनच येतो; व्होल्ट मोजताना त्याची गरज नसते.

काटा मुळीच हलत नसेल तर आधी जोडतारा पाहा, मग फ्यूज. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. चंदेरी कागद गुंडाळणे निव्वळ वेडेपणा! चिंचपोकळीकरांना लॅमिंग्टन रोड काही लांब नाही.

मीटरने शून्य दाखवले म्हणजे तारेत वीज नाही, असे मात्र समजू नका. मोजण्यापूर्वी मीटर चांगल्या सेलवर तपासा, नंतरही तपासा. मोजता मोजताच जोडतार तुटलेली असू शकते.