थाळीवरचे गाणे

माणसाच्या गळ्यासाठी मुद्दाम नवी वाद्ये घडवून गाणे, हा पाश्चात्त्य देशांतल्या प्रायोगिक संगीताचा एक प्रकार. अमेरिकेचा हॅरी पार्च (१९०१–१९७४) हा त्यांतला अवलिया. बोलण्यातले चढउतार पियानोच्या बारा स्वरांत मावत नाहीत, म्हणून त्याने सप्तकाचे ४३ भाग पाडले आणि ते वाजवण्यासाठी स्वतः वाद्ये केली. काचेच्या मोठ्या बरण्या कापून टांगल्या, भोपळ्यांवर घंटा बसवल्या. हे वाचताना मला आमच्या सुरगाण्याकडची थाळी आठवली. पार्चला आपण प्रयोगशील म्हणतो; थाळीला मात्र ‘आदिवासी लोकवाद्य’ म्हणून मोकळे होतो.

तारपा सर्वांना ठाऊक आहे, कारण तो वारली चित्रांत दिसतो. थाळी चित्रात आली तरी ती जेवणाचीच वाटेल! काशाचे किंवा पितळेचे ताट, त्याच्या मध्यावर मेणाचा गोळा आणि त्यात उभी रोवलेली बारीक काडी, एवढेच हे वाद्य. काडी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली हलकेच ओढायची. एक हात खाली पोचतो तोवर दुसरा वर. बोटे काडीवर क्षणभर अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. व्हायोलिनच्या तारेवर गजाचे हेच चालते. काडीचा तो थरार मेणातून ताटात उतरतो व ताट घुमू लागते. त्या घुमाऱ्यावर कोकणा कथेकरी रात्र-रात्र कथा लावतो : धान्याची देवी कणसरी, सृष्टीची उत्पत्ती, राम-सीता. साथीदार ओळ झेलतो.

तंबोऱ्यासारखाच हा अखंड स्वर, असे कोणी म्हणेल. पण तंबोरा गायकाच्या पट्टीत लावता येतो. थाळीला खुंटी नाही. तिचा स्वर ताटाच्या जाडी-रुंदीने ठरलेला. म्हणून गळाच थाळीला लावावा लागतो. शिवाय ओळ कोठे तुटावी हे पुष्कळदा हातच ठरवतात. गाणे आणि बोलणे यांच्या मधला जो प्रदेश पार्च शोधीत होता, तेथे हा कथेकरी सहज वावरतो, असे मला वाटते.

एका युवक महोत्सवात थाळीवाल्याला पाच मिनिटे मिळाली आणि मागे पेटी धरली गेली. पेटीचा स्वर एक, थाळीचा दुसरा. बिचारा कथेकरी पेटीमागे गेला आणि थाळी नुसती हातात राहिली. याच पेटीवर ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी घातली होती, कारण तिच्या ठराविक स्वरांत आपल्या गायकीची मींड बसत नाही. शास्त्रीय गळ्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. कथेकऱ्याचा गळा कोणाच्या मनात आला नाही.

गुजरातेत डाह्याभाई वाढू यांनी कोकणा कथा लिहून काढल्या, हे फार मोठे काम झाले. परंतु कागदावर शब्द येतात, घुमारा येत नाही. आपल्या मराठी विभागाने येत्या सुटीत थाळीवरची एक तरी कथा, आरंभापासून पहाटेपर्यंत, पेटीविना ध्वनिमुद्रित करावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. कथा कोकणा बोलीत असेल. अर्थ सांगायला आमच्या वर्गात सुरगाणा-पेठकडचे आम्ही पाच जण आहोत.