थंडीतल्या मेहनतीचा हिशेब

(बी. ए. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीचा लेख)

कार्तिक सरला की आमच्या घाटाखालच्या गावात पहाटे दोन प्रकारची माणसे रस्त्यावर दिसतात. एक म्हणजे रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देऊन, कानाला मफलर गुंडाळून परतणारे शेतकरी. आणि दुसरी, भरतीसाठी पळणारी मुले. गेल्या दोन हिवाळ्यांपासून या दुसऱ्या प्रकारात एका मुलीची भर पडली आहे. ती म्हणजे प्रस्तुत लेखिका होय.

मला पोलीस शिपाई व्हावयाचे आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बी. ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्याकडे चर्चेचा नसून पोटाचा आहे. सध्या भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. त्यांपैकी ८०० मीटरनेच बहुतेकींचा घात होतो. पहिल्या हिवाळ्यात माझाही झाला. रोज पहाटे उठावयाचे, डांबरी रस्त्यावर जिवाच्या आकांताने ८०० मीटर पळावयाचे, धाप ओसरली की पुन्हा तेच, असा माझा क्रम होता. 'रोज दम निघाला पाहिजे' असे सगळेच सांगत होते. चौथ्या आठवड्यात दोन्ही नडग्या इतक्या दुखू लागल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. पुढचे दोन महिने धावणे बंद. हिवाळा संपला आणि मी जिथे होते तिथेच राहिले. किंबहुना मागे गेले.

त्यानंतर शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मला विचारले, "तू पळतेस खूप, पण तयारी केव्हा करतेस?" या प्रश्नाचा अर्थ कळावयास मला वर्ष लागले. तो अर्थ मैत्रिणींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पोहणे, सायकल व धावणे या तिन्हींची मिळून एक शर्यत असते. तिला ट्रायथलॉन म्हणतात. १९७८ साली हवाई बेटांवर १५ जणांनी ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून आणि लागलीच ४२.२ किलोमीटर धावून तिचा एक अतिशय कठीण प्रकार सुरू केला. त्यांपैकी १२ जणांनी तो पुरा केला. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून लहान अंतराची ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली आणि २०१९ पासून गोव्यात पणजीला निम्म्या अंतराची शर्यत होऊ लागली. आता बुलढाण्याच्या मुलीला हवाई बेटांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हटले होते. परंतु विचार करता लक्षात आले की विहीर, सायकल आणि रस्ता ही तिन्ही साधने तर आमच्या गावात आहेतच. शिवाय या खेळाडूंच्या हिवाळी सरावाचे मर्म मला फार उपयोगाचे वाटले. पाय थकले तर हातांनी पोहा, गुडघे दुखले तर सायकल चालवा. तिन्ही वेळा काम करणारे हृदय एकच असते. नडगी दुखत असताना मी दोन महिने घरी बसले, ते याच अज्ञानामुळे.

ही मंडळी हिवाळ्यात वेगाने सराव करीत नाहीत, हे वाचून मला प्रथम नवल वाटले. सावकाश आणि लांब, एवढेच त्यांचे सूत्र असते. जोडीदारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, इतक्याच गतीने धावावयाचे. शब्द तुटू लागले की गती कमी करावयाची. अशा संथ सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे जिथे अन्नाचे प्राणवायूच्या साहाय्याने शक्तीत रूपांतर होते त्या जागा, वाढतात. ८०० मीटरसारख्या दोन-तीन मिनिटांच्या धावेतही निम्म्याहून अधिक शक्ती या प्राणवायूच्या मार्गानेच येते. दुसरी गोष्ट अशी की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायुबंध बळकट व्हावयास महिने लागतात. माझा दम पुढे गेला आणि नडगी मागे राहिली. दुखणे उद्भवले ते त्यामुळे.

या बाबतीत न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांचे उदाहरण मला फार आवडते. हा गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करीत असे आणि स्वतःवर प्रयोग करून धावण्याचे शास्त्र शिकला. त्याचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. पण लिडियार्ड त्याला मॅरेथॉनवाल्यांच्या बरोबरीने आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर पळवी, रविवारी तर डोंगरातून एकदम ३५ किलोमीटर! दोन फेऱ्यांच्या शर्यतीसाठी एवढे कशाला, म्हणून लोक हसत. स्नेलने १९६० साली रोमला ८०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले आणि १९६४ साली टोकियोला ८०० व १५०० मीटर अशी दोन्ही मिळवली. (याच ८०० मीटरची मुलींची शर्यत १९२८ सालच्या ऑलिंपिकमध्ये झाली होती, पण बायकांना ती झेपत नाही असे ठरवून पुढे १९६० पर्यंत बंद ठेवण्यात आली. त्या विद्वानांना घाटाखालच्या बायका कोणी दाखवावयास हव्या होत्या.)

हिवाळाच का, याचे आमच्यापुरते कारण साधे आहे. मलकापूर-खामगावकडचा उन्हाळा ज्याने भोगला त्याला ते सांगावयास नको. उष्ण हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी पुष्कळ रक्त कातडीकडे वळते. तेवढ्याच गतीला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात आणि लांबचा सराव होतच नाही. मार्गशीर्ष ते माघ हेच काय ते आपले दिवस.

आणि नेमके हेच दिवस कापूस वेचणीचे असतात! येथे माझी आणि पुस्तकातल्या खेळाडूंची वाट वेगळी होते. शनिवार-रविवारी मी गावी जाते आणि कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरते. दिवसाला पंचवीस-तीस किलो कापूस वेचला की संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. तशातही मी पळावयास निघाले की आई म्हणे, "दिवसभर वावरात राबली, अन् आता पयते कायले वं?" शेजारच्या काकूंचे म्हणणे याच्या उलट: शेतातल्या पोरीला व्यायाम कशाला हवा, वावरात होतोच की.

या दोघींपैकी खरे कोणाचे, हे पाहण्यासाठी मी एक लहानसा प्रयोग केला. मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली. वेचताना माझी नाडी मिनिटाला ९४ ते १०० भरली. आईची आणि काकूंचीही जवळपास तेवढीच. कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना ती १२५ पर्यंत गेली, पण तेवढे दहाच मिनिटे. उलट सावकाश धावताना ती १४५ च्या आसपास तासभर राहते. म्हणजे वेचणीत कंबर, मांड्या आणि बोटे सात-आठ तास झिजतात, पण दमसास वाढावा इतके काम हृदयाला मिळत नाही. काकू चुकल्या. परंतु आईही अगदीच चुकली नव्हती. झिजलेले शरीर दुसऱ्या दिवशी भरून यावे लागते, आणि वेचणीच्या दिवशीचे धावणे त्या भरून येण्याच्या आड येते. पहिल्या हिवाळ्यात सोमवारी पहाटे मी सर्वांत जोरात पळत असे, कारण दोन दिवस 'सुट्टी' झाली म्हणून मनाला टोचणी लागे. ती सुट्टी नव्हती, हे वहीत कोठेच लिहिलेले नव्हते.

यंदा वही बदलली. तिच्यात धावणे, सायकल, पोहणे यांच्याबरोबर वेचणी, निंदणी, पाणी भरणे आणि झोप यांनाही रकाने आहेत. वेचणीच्या दिवशी धावणे नाही. सोमवारी केवळ चालणे. मंगळवारी व गुरुवारी संथ धावणे, बुधवारी सायकल. शुक्रवारी जमले तर चढावर थोडा जोर. आठवड्याला एकूण धावणे पंचवीस किलोमीटरच्या पुढे नाही. स्नेलच्या पुढ्यात हसू येईल इतके थोडे. पण नडगी एकदाही दुखलेली नाही.

सायकल माझी तीच, आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली, बिनगिअरची. तिनेच मला दहावीपर्यंत नेले. तिच्यावर राजूर घाट चढताना निम्म्या वाटेत उतरावे लागते, हे कबूल करण्यात मला लाज वाटत नाही. उतरताना मात्र मी ब्रेकचे रबर पाहूनच निघते. बोथ्याच्या घाटाकडे पहाटे एकटीने जाऊ नये. ते ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात याच जंगलात पोचला होता. सहनशक्तीच्या अभ्यासकाने त्याला दुरून नमस्कार करावा.

सायकलवरून आमच्या विदर्भाच्याच माणसाची आठवण होते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. पुढच्या वर्षी ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत ९००० किलोमीटरांहून अधिक गेले.

पोहण्याविषयी थोडे अधिक सांगावयाचे आहे. मी सात वर्षांची असताना बाबांनी पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून मला विहिरीत सोडले. बाराव्या वर्षी मात्र 'आता मोठी झाली' म्हणून विहीर बंद झाली. माझा भाऊ अजून उड्या मारतो. कोलकात्याच्या आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा त्या माझ्याच वयाच्या, एकोणीस वर्षांच्या होत्या. ते मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी विहिरीवर पायऱ्यांपाशी दोर बांधलेला होता आणि काकूंना 'सोबत जा' म्हणून सांगून ठेवले होते.

थंडीच्या पहाटे विहिरीतून वाफ निघते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. हवा गार असते म्हणून ते उबदार भासते. धरणाच्या वरच्या थराचे तसे नाही, तो हवेबरोबर गार होतो. तरीही फसू नये. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. गार पाण्यात एकदम उडी घेतली तर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास आपोआप खेचला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यानेच जीव जाऊ शकतो. म्हणून हळूहळू उतरावे, श्वास स्थिर होईतो दोर धरून थांबावे. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होतच राहते. तेव्हा आधी अंग पुसून कोरडे कपडे, मग चहा. पुण्याचे रोहन मोरे यांनी जगातल्या सात समुद्रधुन्या पोहून २०१८ साली तो क्रम पुरा केला. असे पोहणारेदेखील सोबत नाव आणि माणसे ठेवतात. विहिरीवर एकटीने जाण्याची फुशारकी कोणी मारू नये.

एवढे सगळे करूनही मागच्या वर्षी मला धाप लागे ती लागेच. आरोग्य शिबिरात बोटाला सुई टोचली तेव्हा कारण निघाले: हिमोग्लोबिन ९.४. स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. प्राणवायू वाहून नेणारी गाडीच रिकामी, मग हृदयाने कितीही ओढले तरी काय उपयोग? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हे वाचणाऱ्या मुलींपैकी अनेकींची हीच गोष्ट असेल. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्याव्यात, आणि आवळा तर याच दिवसांत येतो. चार महिन्यांनी माझे हिमोग्लोबिन ११.६ झाले. आईलाही तपासणीस नेले; तिचे माझ्याहून कमी निघाले. तिने वीस वर्षे त्यातच कापूस वेचला होता. आता गोळी आम्ही दोघी घेतो.

शेवटी बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांच्याविषयी. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळवला. त्यांची निवड पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून पुढे आली होती. तिथले धावपटू बहुतेक शेतकरी घरांतले आणि अनवाणी असत. त्यांनी घरच्या कामाचा आणि धावण्याचा मेळ कसा घातला असेल, कोणत्या दिवशी विसावा घेतला असेल, हे मला फार जाणून घ्यावेसे वाटते.

हा लेख लिहिते आहे तेव्हा पौष चालू आहे आणि तिसरा वेचा बाकी आहे. सकाळी उठताना मोजलेली नाडी मार्गशीर्षात ८२ होती, ती आज ७० आहे. ८०० मीटर अजून घड्याळ लावून पळालेले नाही. ते फाल्गुनात, कापूस घरी आल्यावर.