मोडलेला धुरा वरून कसा दिसतो?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठीत चुका आढळल्या तर सांभाळून घ्या. पण विषय आमच्या तुमसरच्या शेतातला आहे, म्हणून मराठीतच लिहिते.

आमच्याकडे धानाच्या बांध्या असतात आणि दोन शेतांमध्ये मातीचा धुरा. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यामधला धुरा ट्रॅक्टरखाली मोडला. तो नेमका कुठे होता, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. वाद सहा फुटांच्या पट्टीचा. मी सिव्हिलची, सर्व्हेइंग शिकलेली. म्हटलं, मी शोधून देते!

मोडलेला बांध पूर्ण पुसला जात नाही. त्याच्या खुणा तीन प्रकारच्या असतात :

१) मातीची खूण – नांगरल्यावर बांधाच्या मातीचा रंग वेगळा दिसतो.
२) पिकाची खूण – दबलेल्या मातीत ओल कमी टिकते, पीक लवकर पिवळं पडतं. उलट, बुजलेल्या नालीवर ते जास्त हिरवं राहतं.
३) सावलीची खूण – थोडासा उंचवटाही सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावली टाकतो.

जमिनीवरून हे तुकडे-तुकडे दिसतात, वरून त्यांची रेघ होते. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी विमानातल्या फोटोंवरून प्राचीन शेतांच्या सीमा ओळखल्या. 'वेसेक्स फ्रॉम द एअर' हे त्यांचं आणि अलेक्झांडर कीलर यांचं पुस्तक १९२८ साली आलं.

मी गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं काढली. पावसाळ्यात ढग, त्यानंतर सगळं हिरवंगार. काहीच दिसेना. आजोबा म्हणाले, "धान कापल्यावर लाखोरी असते तवाचं पाय. धुऱ्याची जागा पयले वाळते." जानेवारीचं चित्र उघडलं आणि हिरव्यात एक फिकट रेघ दिसली. मी तर उडीच मारली!

पण खरा धडा पुढे आहे. दुसऱ्या वर्षीच्या चित्रात तीच रेघ सरकलेली होती. विहिरीचा कोपरा ताडून पाहिला, तर तोही तेवढाच सरकलेला, जवळजवळ तीन मीटर. म्हणजे वादाच्या पट्टीपेक्षा माझी चूकच मोठी! शिवाय रेघ सांगते की इथे बांध होता. तो कोणाचा, हे ती सांगत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणीसुद्धा गावठाणाची आहे, शेताची नाही. शेताच्या हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

हे दोन्ही घरी सांगितलं. आजोबा थोडे नाराज झाले. धाकटे आजोबा मात्र चित्र बघायला आमच्या ओसरीवर आले, कितीतरी दिवसांनी. रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथंच बसून शिदोरी खात होतो आपण." आता मोजणीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला आहे.

तुम्हीही आपलं शेत वरून बघा. मात्र महिना कोणता निवडायचा, ते आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि चित्रावर विश्वास ठेवण्याआधी विहिरीचा कोपरा ताडून घ्या.